शब्दसीमा आणि विभक्ती : अंकनरूपांतराच्या सूत्रांची मीमांसा

साध्या मजकुरात शब्दाच्या दोन्ही बाजूंस तारका वा अधोरेखा घालून तो ठळक किंवा तिरपा असल्याचे सुचवावयाचे, आणि पुढे रेग्युलर एक्स्प्रेशनच्या सूत्रांनी त्या खुणांचे एचटीएमएलमध्ये रूपांतर करावयाचे, ही पद्धती जॉन ग्रूबर यांच्या मार्कडाउनने २००४ पासून सर्वपरिचित केली. तिची सुलभता निर्विवाद आहे. परंतु ‘शब्द कोठे संपतो’ यासंबंधी अशा अनेक सूत्रांत एक गृहीत दडलेले असते, आणि ते मराठीच्या प्रकृतीशी जुळत नाही.

प्रथम लिपीचा विचार करावा. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पिशोर या गावाचे नाव युनिकोडमध्ये प, ऱ्हस्व इकार, श, ओकार आणि र अशा पाच संकेतांनी लिहिले जाते. पैकी इकार व ओकार यांची गणना अक्षरांत न होता जोडचिन्हांत होते. पायथॉनच्या अंगभूत सूत्रव्यवस्थेत शब्दघटक वर्णांच्या वर्गात जोडचिन्हे येत नाहीत. परिणामी ‘दोन तारकांमधील सलग शब्दघटक वर्ण’ असे सूत्र रचल्यास ते *पिशोर* यास लागूच पडत नाही. गावाचे नाव प, श, र असे विदीर्ण होते. जोडचिन्हे शब्दघटक मानावीत, असे युनिकोडची मार्गदर्शक तत्त्वेच सांगतात. तेव्हा हा दोष लिपीचा नव्हे.

दुसरा दोष अधिक खोलवरचा आहे. मार्कडाउनमधील संदिग्धता दूर करण्यासाठी २०१४ मध्ये कॉमनमार्क हा नियमसंच पुढे आला. त्यात अक्षरवर्गाऐवजी मोकळी जागा व विरामचिन्हे यांवरून खुणेची दिशा ठरते, हे निश्चितच प्रगतीचे लक्षण होय. तथापि शब्दाच्या मध्यभागी आलेली अधोरेखा तेथे खूण मानली जात नाही. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दास जोडूनच लिहावा लागतो. म्हणून *पिशोर*ला हे रूप सिद्ध होते, पण _पिशोर_ला हे होत नाही. *‘पिशोर’*मध्ये असे लिहिल्यास तारकाही निकामी ठरते, कारण तिच्या मागे अवतरणचिन्ह आणि पुढे अक्षर येते. मराठी विकिपीडियावरील ठळकपणाची खूण, म्हणजे तीन उद्धरणचिन्हे, जोडी पूर्ण असता शब्दसीमा पाहत नाही. तेथे प्रत्यय सुखेनैव लागतो.

यावर सूत्रे अधिक गुंतागुंतीची करणे हा उपाय नव्हे. स्टीफन क्लीनी यांच्या १९५६ मधील विवेचनातून उदयास आलेल्या या सूत्रांना शास्त्रशुद्ध अर्थाने अमर्याद खोलीची परस्परवेष्टित रचना ओळखता येत नाही. ठळक मजकुरात तिरपा आणि तिरप्यात पुन्हा ठळक असा क्रम आला, की एकामागून एक केलेल्या प्रतिस्थापनात खुणा परस्परांना छेदू लागतात. सूत्राने खुणा वेचाव्यात व त्यांच्या जोड्या क्रमशः वाचणाऱ्या विश्लेषकाने लावाव्यात, हीच श्रमविभागणी योग्य होय.

हा केवळ तंत्राचा प्रश्न नव्हे. संहितासंपादनात मूळ पाठ आणि संपादकाने पुरविलेली अक्षरे यांतील भेद अनेकदा टाइपानेच दाखविला जातो. रूपांतरात ती खूण हरपली, तर संपादकाचा तर्क मूळ पाठ म्हणून वाचला जाईल. म्हणूनच असे कोणतेही सूत्र स्वीकारण्यापूर्वी ते प्रथमान्त रूपांवर पारखणे पुरेसे नाही. सप्रत्यय रूपांवरही ते पारखले गेले पाहिजे.