गवयांचे मृत्युलेख

मृत्युलेख हा मराठी गद्यातील एक जुना आणि लोकप्रिय प्रकार आहे. परंतु त्याची समीक्षा करण्यास सहसा कोणी धजत नाही. शोकाकुल माणसाच्या लेखणीतील दोष दाखविणे हे सभ्यतेला सोडून आहे असे आपणांस वाटते, आणि पहिल्या आठवड्यापुरते ते खरेही आहे. पण तीस-बत्तीस वर्षे लोटल्यावर तेच लेख पुन्हा हाती घेतले असता, ज्याच्याविषयी ते लिहिले गेले तो त्यांत कितीसा सापडतो, हा प्रश्न विचारणे गैर ठरू नये. येथे मी फक्त गवयांवरील मृत्युलेखांचा विचार करणार आहे. कारण या प्रकाराची मर्यादा तेथे सर्वांत अधिक उघडी पडते असे माझे मत आहे.

बेळगावकडील आमच्या पिढीच्या श्रोत्यांना १९९२ हे साल विसरता येणे शक्य नाही. त्या वर्षी १२ जानेवारीला देवास येथे कुमार गंधर्व गेले, आणि बरोबर आठ महिन्यांनी, १२ सप्टेंबरला, धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूर गेले. कुमारांचा जन्म सुळेभावीचा, म्हणजे आमच्या घरचाच. आणि मन्सूरांचे धारवाड तर आकाशवाणीमुळे रोज कानाशी असलेले. मी तेव्हा नुकताच पदवीधर झालो होतो. वर्तमानपत्रांत व मासिकांत आलेले लेख कापून मी एका वहीत चिकटवीत असे. ती वही अजून माझ्यापाशी आहे. अलीकडे ती पुन्हा सलग वाचली आणि मन खिन्न झाले. खिन्नतेचे कारण मात्र त्या दोघांचे मरण हे नव्हते.

कुमारांवरील बहुतेक लेखांचा कणा म्हणजे त्यांचा क्षयरोग. बालपणीची अलौकिक नक्कल, देवधर मास्तरांकडील शिक्षण, १९४८ च्या आरंभी देवासला येणे, अंथरुणावरची मूक वर्षे, खिडकीतून कानी पडणारी माळव्याची लोकगीते, आणि मग नव्या गळ्याने झालेला पुनर्जन्म. ही सर्व हकीकत खरीच आहे, आणि हृद्यही आहे. परंतु तिचा उपयोग लेखकांनी असा केला की जणू एका फुप्फुसाने ती गायकी निर्माण केली! श्वास अपुरा पडतो म्हणून स्वरसमूह आखूड झाला, हे स्पष्टीकरण कोणत्याही शरीरशास्त्रज्ञाला पटेल. पण आखूड स्वरसमूह संपल्यावर गायक कोठे थांबतो, किती थांबतो आणि पुढचा स्वर कोणत्या बाजूने आणतो, हे आजार सांगू शकत नाही. कुमारांचे थांबणे रिकामे नसे. तंबोरे लावण्याविषयी त्यांची दक्षता सर्वश्रुत आहे. ते थांबले की त्या तंबोऱ्यांचा भरलेला नाद पुढे येई, आणि आता सोडलेला स्वर त्यात मिसळून राहिलेला ऐकू येई. पुढचा स्वर त्या नादातूनच उचलल्यासारखा वाटे. निर्गुणी भजनांत तर हे अगदी ढळढळीत आहे. माझ्या वहीतील सतरा लेखांपैकी एकाही लेखात तंबोऱ्याचा उल्लेख नाही. फुप्फुसाचा मात्र चौदांत आहे.

मन्सूरांच्या वाट्याला निराळा साचा आला. ‘अनवट रागांचे बादशहा’ आणि ‘जयपूर घराण्याचे अखेरचे गायक’ ही दोन बिरुदे जवळजवळ प्रत्येक लेखात आहेत. दुसरे तर सरळ असत्य होते. १९९२ साली किशोरी आमोणकर ऐन भरात गात होत्या, भूर्जीखाँसाहेबांच्या शिष्या धोंडूताई कुलकर्णी शिकवीत होत्या, खुद्द मन्सूरांचे चिरंजीव राजशेखर गात होते. मृताला ‘अखेरचा’ म्हटले की शोक वाढतो, म्हणून जिवंतांना वगळायचे, ही कसली रीत? पहिले बिरुद असत्य नाही, पण ते निरुपयोगी आहे. शिवमत भैरव, खट, बहादुरी तोडी ही नावे यादीत घातल्याने वाचकाला काय समजले? हे राग गाताना मन्सूर राग समजावून देण्याच्या भानगडीत पडत नसत, हे सांगावयास हवे होते. ते बसले की राग सुरू झालेलाच असे. एका स्वरवाक्याचा शेवट हाच दुसऱ्याचा आरंभ. श्वास कोठे घेतला ते कळू नये. आणि लयीशी धरलेला हात कधी सुटू नये, त्यामुळे सम ही वाक्याच्या पूर्णविरामासारखी, येणे भागच होते म्हणून येई. कुमारांकडून मी स्वरामागची शांतता ऐकावयास शिकलो असेन, तर मन्सूरांकडून न थांबणारी वाक्यरचना शिकलो. (व्याकरण शिकविणाऱ्या माणसाने ही उपमा वापरली तर वाचकांनी क्षमा करावी.) एकाच मुलाचे कान या दोन परस्परविरोधी गायकींनी घडवावे, हा आमच्या भागाचा विशेष होता. त्याची दखल कोठेच नाही.

हे असे का व्हावे? माझ्या मते दोष त्या लेखकांच्या प्रेमात नाही, त्यांनी घेतलेल्या वळणात आहे. मराठी मृत्युलेख आचार्य अत्र्यांनी घडविला. ‘समाधीवरील अश्रू’ हा त्यांचा संग्रह आजही वाचला जातो. परंतु त्या वळणाचे खरे सामर्थ्य सार्वजनिक पुरुषांविषयी लिहिताना प्रकट होते. पुढाऱ्याच्या आयुष्यातील घटना हेच त्याचे कार्य असते. त्या ओघवत्या शैलीत सांगितल्या की माणूस उभा राहतो. गवयाचे तसे नाही. त्याचे चरित्र कितीही रोमहर्षक असले तरी त्याचे कार्य दुसरीकडेच असते. ‘युगान्त झाला’, ‘भरून न येणारी पोकळी’, ‘मैफल सुनी झाली’ ही वाक्ये त्या वळणाचा उरलेला गाळ होय.

या गाळात माझाही हात बरबटलेला आहे, हे येथे कबूल केले पाहिजे. २४ जानेवारी २०११ रोजी भीमसेन जोशी निवर्तले. त्या आठवड्यात शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी शोकप्रस्ताव वाचण्याचे काम माझ्याकडे आले. मी गदग जिल्ह्यातील जन्म, लहानपणीचे पलायन, कुंदगोळचे सवाई गंधर्व, भारतरत्न हे सारे लिहिले, आणि शेवटी ‘पोकळी’ ही घातली. मौन झाले. वर्गाकडे जाताना नववीतला एक मुलगा जवळ येऊन म्हणाला, “सर, ते कसे गात?” मी क्षणभर घुटमळलो आणि “फार थोर गात” असे उत्तर दिले. पंचवीस वर्षे ऐकलेल्या माणसाविषयी माझ्यापाशी एवढेच विशेषण होते! तेव्हा माझ्या ध्यानात आले की मी भीमसेनांचा शोक करीत नव्हतोच. धारवाडच्या प्रक्षेपणासाठी पहाटे उठणारा, ध्वनिफितींसाठी शिकवणीचे पैसे साठविणारा जो एकोणीस वर्षांचा मुलगा मी होतो, त्याच्यासाठी माझे डोळे भरून आले होते. तारुण्य घडविणारा गवई गेला की आपल्या तारुण्याचा एक साक्षीदार जातो. हे दुःख खोटे नव्हे. पण ते त्या गवयाच्या नावावर खपविणे योग्य नव्हे.

कोणी म्हणेल, गाणे तर ध्वनिमुद्रणांत सुरक्षित आहे. मग लेखकाने माणसासाठी रडू नये काय? अवश्य रडावे. पण ‘आवाज हरपला’ असे म्हणू नये, कारण आवाज हरपलेला नाही. ख्याल हे बांधून ठेवलेले काव्य नसते. आज गाईलेला श्री उद्या तसाच गावयाचा नसतो, आणि त्या उद्याच्या श्रीला मात्र कायमचे मुकावे लागते. तो कसा असता याची थोडी तरी कल्पना येईल इतके काल ऐकलेल्याविषयी नेमके लिहिणे, ही मृत्युलेखकाची खरी जबाबदारी.

गवयांनी स्वतः ही जबाबदारी आमच्याहून चांगली ओळखली होती. कुमारांनी बालगंधर्वांची पदे घेऊन जो कार्यक्रम केला, त्याला त्यांनी नाव दिले ‘मला उमजलेले बालगंधर्व’. तो काही मृत्युलेख नव्हता. पण दुसऱ्या गायकाविषयी बोलावे कसे, याचा धडा त्या एका ‘उमजलेले’ या शब्दात आहे. त्यात नक्कल नव्हती आणि स्तोत्रही नव्हते. आपल्या कानाला काय कळले तेवढे पुढे ठेवणे होते. मन्सूरांचे गुरू मंजीखाँ १९३७ साली गेले, तेव्हा शिष्याची तालीम जेमतेम दीड वर्षाची झाली होती. मन्सूर त्यांचे धाकटे बंधू भूर्जीखाँ यांच्यापुढे पुन्हा शिकावयास बसले.

२०२४ च्या जानेवारीत राशिद खाँ व प्रभा अत्रे चार दिवसांच्या अंतराने गेल्या-गेल्या तीच जुनी वाक्ये पुन्हा छापून आली. आमच्या येथील शोकसभेत बोलण्याची पाळी माझी होती. मी चरित्र सांगितले नाही. प्रभाताईंच्या मारूबिहागाचे ध्वनिमुद्रण सात-आठ मिनिटे लावले, दोन ठिकाणी थांबवून त्या सरगम कशासाठी घेतात याविषयी मला वाटते ते सांगितले. एका ज्येष्ठ सभासदांना ते मुळीच पटले नाही. शोकसभेत चिकित्सा नको, असे त्यांनी तेथेच सुनावले. मग सरगम रागाला उपकारक की अपायकारक, यावर आमचा वाद सुरू झाला, आणि सभागृहाचे दिवे मालविण्यासाठी शिपाई तिसऱ्यांदा डोकावून गेला तरी तो संपला नव्हता.