खेळ संपल्यानंतर

१९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता प्रभृतींनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. १९५२ च्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाने डी सिकांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ भारतीय प्रेक्षकांपुढे आणला. १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झाले. परंतु परकीय चित्रपट दाखविण्यापुरतेच या चळवळीचे श्रेय मानणे अपुरे ठरेल. खेळ संपल्यावर प्रेक्षकांत झडणारा मतभेद हेच तिचे खरे फलित होय. चित्रपट का आवडला, हे असहमत शेजाऱ्याला पटवून देताना अभिरुचीला कारणे शोधावी लागतात. समीक्षेचा उगम तेथेच होतो. आज असे अनेक चित्रपट घरबसल्या एकट्याने पाहता येतात. दुर्मिळता ओसरली; मात्र प्रतिवाद करणारा शेजारी दुरावला, तर अभिरुची केवळ आवडीनिवडीपाशी थांबण्याचा धोका संभवतो.