रोनन पॉइंटचा अहवाल वाचताना: सांध्यात नेमकं काय होतं?

‘लिटरेचर रिव्ह्यू’ सुरू करताय? मग पेपरांच्या ढिगात शिरण्याआधी एक जुना अहवाल वाचा. लंडनमधली रोनन पॉइंट ही 22 मजली इमारत 16 मे 1968 ला पहाटे कोपऱ्यातून वरपासून खालपर्यंत कोसळली. त्यावरच्या सरकारी चौकशीचा हा अहवाल. चार माणसं गेली. लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती एकावर एक रचायच्या, बोल्टांनी पातळी जुळवायची आणि खालच्या फटीत कमी पाण्याचा मॉर्टार ठासायचा, अशी ती पद्धत. भिंत जागेवर राहायची ती मुख्यतः वरच्या वजनामुळे, म्हणजे घर्षणावर. आता गणित बघा. गॅसचा स्फोट झाला अठराव्या मजल्यावर. तिथे डोक्यावर मजले थोडेच, म्हणून वजन कमी आणि पकडही कमी. भिंत बाहेर फेकली गेली, वरचे मजले खाली आले आणि त्या माऱ्याने खालचेही गेले.

अहवालाची खरी ताकद इथे आहे. सगळा दोष स्फोटावर ढकलणं सोपं होतं. पण स्फोट झालेल्या घरातली बाई वाचली होती, आणि तिच्या कानांना इजा नव्हती! म्हणजे दाब साधारण 70 किलोपास्कलच्या आतच असणार. स्फोट काही अचाट नव्हता. भार दुसरीकडे वळवायला रचनेत वाटच नव्हती. पुराव्याकडे असं बघता यायला हवं. (कान हासुद्धा सेन्सर असतो, हे मला आधी सुचलं नसतं.)

माझा आक्षेप पुढच्या विधानावर आहे. खराब कारागिरीचा या पडझडीत वाटा नाही, असंही अहवाल सांगतो. पण सांधा एकदा भरला की दिसत नाही. इमारत दुरुस्त झाली, लोक पुन्हा राहायला आले. शेवटी 1986 मध्ये सॅम वेब या वास्तुविशारदाच्या आग्रहाने ती मजला-मजला उतरवली, तेव्हा सांध्यांत अपुरा मॉर्टार सापडला, फटींत कोंबलेली वर्तमानपत्रंही. भिंतींचं वजन कुठे कुठे नुसत्या बोल्टांवर होतं. रचनेबद्दलचा निष्कर्ष यामुळे खोटा ठरत नाही. पण कारागिरीला दिलेली क्लीन चिट मात्र घाईची वाटते, आणि तिच्या भरवशावर माणसं वर्षानुवर्षं तिथे झोपली.

हे मला का टोचतं, तर मीही मॉर्टारचेच नमुने करतो. टेबलाशी उभं राहून, पंख्याखाली, तीन-तीनदा ठासून. पंधराव्या मजल्यावर वाऱ्यात लोंबकळत फट भरणारा माणूस माझ्या डेटात कुठेच नाही. तरी माझ्या तिसऱ्या प्रकरणाचं नाव होतं ‘सांध्याची ताकद’. अहवाल वाचल्यावर ते खोडून ‘प्रयोगशाळेत भरलेल्या सांध्याची ताकद’ केलं. गाइड म्हणाले, शीर्षक लांबलं. तेवढंच राहू दे म्हटलं.