खाली ठेवलेला पेला : शिष्टाचार आणि आत्मकथन

1890 च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. काहींनी ती घेतली. काहींनी पेला हाती घेऊन तसाच खाली ठेवला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणेवैभवा'त छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांच्या आयोगापर्यंत गेले. सुधारक-सनातनी वादाच्या चौकटीत हा प्रसंग बसवून आपली समीक्षा मोकळी होते. मला तो खाली ठेवलेला पेला अधिक अर्थपूर्ण वाटतो.

यजमानाचा पेला नाकारणे हा इंग्रजी रीतीत उपमर्द, तर तो ओठांना लावणे हा ब्राह्मणी आचारात दोष. घेऊन खाली ठेवण्याची कृती दोन्ही संकेतव्यवस्थांना एकदमच उत्तर देऊ पाहते. म्हणूनच ती दोन्हीकडे संशयास्पद ठरते. छापील यादीला ही अर्धवटता नोंदवता येत नाही. नाव आहे की नाही, एवढेच तिला कळते.

रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (1910) या ग्रंथात हेच प्रकरण घराच्या बाजूने येते. रानडे कुटुंब उन्हाळ्यात लोणावळ्यास होते. माधवराव तेथून पुण्यास जाऊन, मुख्यतः मित्रांची अडचण दूर व्हावी म्हणून, प्रायश्चित्त घेऊन आले. (मी हे कुसगावात बसून लिहितो आहे. घाटमाथ्यावरच्या या टापूतून प्रायश्चित्तासाठी पुणे गाठणे रेल्वेने किती सुकर केले होते, याची जाणीव येथे सहज होते.) रमाबाईंना हे रुचले नव्हते. पण पतीला जाब विचारणे त्यांच्या शिष्टाचारात बसत नव्हते, आणि त्याचे नाव उच्चारणेही नाही. त्याच्यासाठी त्या 'स्वतः' हे सर्वनाम योजतात. येथे मर्यादा थेट व्याकरणात उतरते. नापसंती सांगायची आणि लगेच पतीच्या औदार्याकडे वळायचे, अशी त्यांच्या निवेदनाची चाल आहे. हाही हाती घेऊन खाली ठेवलेला पेलाच. या गद्याला 'निरागस' म्हणणाऱ्यांनी ही हालचाल पाहिलेली नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'शी तुलना अटळ आहे. 1895 मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळे काही काळ जपले आणि पुढे ते सोडले. स्वतःच्या त्या सोवळ्याला त्या मनमुराद हसतात. हा फरक केवळ स्वभावाचा मानणे मला पटत नाही. 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या लक्ष्मीबाई उंबरठा ओलांडून मागे वळून पाहत होत्या. रमाबाईंना त्याच उंबरठ्यावर संसार करायचा होता.