दिघीचा रोबो आणि पडद्यावरचा रोबो

विज्ञानपटांतले विज्ञान खोटे असते, ही तक्रार जुनी आहे आणि करायला सोपी आहे. आम्हाला मात्र दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते. कोट्यवधी रुपये ओतून काढलेले हे चित्रपट विज्ञान कोण करते, याविषयी मुलांच्या मनात एक ठरीव चित्र उभे करतात. बलाची चूक फळ्यावर अर्ध्या तासात सुधारता येते. माणसांविषयीची चूक मुलाबरोबर मोठी होते.

दोन उदाहरणे घेऊ. २०१० साली शंकर यांचा ‘एंदिरन’ आला. हिंदीत तो ‘रोबोट’ नावाने पाहिला गेला. त्यात एक शास्त्रज्ञ माणसासारखा यंत्रमानव घडवतो. यंत्राला दिलेली आज्ञा ते शब्दशः पाळते आणि त्यातून अनर्थ होतो, हा विचार त्यात आहे. तो मोलाचा आहे, हे मान्य केले पाहिजे. पण नायिका पाहा. ती वैद्यकीय शाखेची विद्यार्थिनी आहे आणि परीक्षेत यंत्रमानवाच्या मदतीने कॉपी करते. पुढे तिचे शिक्षण मागे पडते आणि शास्त्रज्ञ व यंत्र यांच्या भांडणाचे निमित्त एवढेच तिचे काम उरते. आगीतून वाचवलेली एक मुलगी विवस्त्र अवस्थेत लोकांसमोर आल्याच्या लाजेने पळते आणि वाहनाखाली सापडते. यंत्राला भावना कळत नाहीत, हे दाखवण्यासाठी तिचा जीव खर्ची पडतो.

२०११ च्या ‘रा.वन’मध्ये संगणक-खेळ तयार करणारा शेखर सुब्रमण्यम तमिळ आहे. त्याचे बोलणे, धांदरटपणा, हाताने दही-नूडल्स खाणे, सारे हसण्यासाठी योजलेले. तो मरतो आणि त्याच्याच चेहऱ्याचा रुबाबदार यंत्रमानव नायक होतो. त्याच्या तोंडी ते हेल नाहीत. म्हणजे बुद्धी ज्याची, तो विदूषक. आणि जो ठोसे मारतो, तो वीर! वर्गात दाक्षिणात्य आडनावाचे मूल असेल, तर हा धडा त्याला कुणी वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आता त्यातल्या भव्य दृश्याकडे वळू. ‘रा.वन’मध्ये बेभान सुटलेली लोकल नायक अंगबळाने थोपवू पाहतो आणि बोरीबंदरच्या वास्तूची पडझड होते. हे दृश्य आठवी-नववीच्या वर्गात जरूर न्यावे. गाडीचे वस्तुमान ४०० टन आणि वेग ताशी ६० किलोमीटर धरा. ती १०० मीटरांत थांबवायला सरासरी साडेपाच लाख न्यूटन बल लागेल. नायकाचे वस्तुमान १०० किलो धरले, तर त्याचे वजन सुमारे १००० न्यूटन भरते. घर्षण वजनाइतके मिळाले, तरी पायाखालची जमीन त्याला तेवढाच आधार देईल. हात कितीही पोलादी असोत, पाय घसरणारच. कमतरता सुमारे साडेपाचशे पटींची आहे.

खरे यंत्र या नियमाला कसे मान देते, हे पाहायला मुंबईपर्यंत जायला नको. आळंदी रस्त्यावरच्या दिघीत संरक्षण संशोधन व विकास संघटनेची अभियांत्रिकीची प्रयोगशाळा आहे. लष्करासाठी वाहनावरून टाकता येणारा ‘सर्वत्र’ पूल तिथलाच. ‘दक्ष’ हा रोबोही तिथलाच. तो २०११ मध्ये लष्कराच्या हाती पडू लागला. ‘दक्ष’ला चेहरा नाही. चाकांवर बसवलेला तो एक बुटका गाडा आहे. तो जिने चढतो, संशयास्पद वस्तूची क्ष-किरणांनी तपासणी करतो आणि पाण्याच्या झोताने बॉम्ब निकामी करतो. त्याला चालवणारा जवान सुरक्षित अंतरावर बसलेला असतो. हात लांबवून तो सुमारे २० किलोची वस्तू उचलतो. हात जितका लांब, तितका उलटण्याचा धोका अधिक; म्हणून अंग जड आणि बसके. मीटरपट्टी, टेकू आणि थोडी वजने घेऊन हे तत्त्व कोणत्याही शाळेत दाखवता येते.

असे यंत्र एकट्या प्रतिभावंताच्या तळघरात जन्मत नाही. त्याला आराखडा काढणारे, सुटे भाग कातणारे, तारा जोडणारे आणि चाचणीत बिघडल्यावर पुन्हा उघडणारे अनेक हात लागतात. दिघी-भोसरीच्या शाळांत फिटर-टर्नरांची मुले बसतात. चाकणच्या मोटार कारखान्यांत वेल्डिंग करणाऱ्या यंत्रहातांशेजारी काहींचे पालक रोज उभे असतात. पडद्यावरच्या प्रयोगशाळेत मात्र ही माणसे शोधूनही सापडत नाहीत. गंमत अशी, की कारेल चापेक यांच्या १९२० च्या नाटकाने रूढ केलेला ‘रोबो’ हा शब्दच मुळी वेठीच्या श्रमासाठीच्या चेक शब्दावरून आला. कामगाराच्या नावाने जन्मलेल्या यंत्राच्या कथेतून कामगारच हद्दपार झाला!

अशा ठरीव चित्रांचा जोर किती असतो? डेव्हिड वेड चेंबर्स यांनी १९८३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ४८०७ मुलांना शास्त्रज्ञाचे चित्र काढायला सांगितले होते. त्यांत स्त्री-शास्त्रज्ञ अवघ्या २८ निघाल्या, आणि त्या सगळ्या मुलींनीच काढलेल्या होत्या. आता याच्याशेजारी टेसी थॉमस यांचे नाव ठेवा. त्या मूळच्या केरळच्या. क्षेपणास्त्रांचे पदव्युत्तर शिक्षण त्यांनी पुण्यात गिरीनगरच्या संस्थेत घेतले आणि २०११ मध्ये उडालेल्या ‘अग्नी-४’च्या त्या प्रकल्प संचालक होत्या. आपल्या दोन्ही चित्रपटांत अशा बाईला मध्यवर्ती जागा नाही.

मुलांना हे चित्रपट पाहू नका असे सांगण्यात अर्थ नाही. ती पाहणारच, आणि त्यांना मजाही येणार. मुलांनी पाहिलेल्या अशा चित्रपटावर एक तास द्यावा, एवढीच आमची सूचना आहे. आधी सर्वांकडून शास्त्रज्ञाचे चित्र काढून घ्यावे. मग फळ्यावर तीन प्रश्न लिहावेत : यंत्र कोणी बनवले? हसू कोणाचे झाले? आणि कोण दिसलेच नाही? तिसऱ्या प्रश्नावर वर्ग थोडा वेळ गप्प राहील. घाई करू नये. एखाद्या मुलाला आपले वडील आठवतील, एखाद्या मुलीला ती स्वतः आठवेल. त्यानंतर पुन्हा एकदा चित्र काढायला सांगावे आणि दोन्ही चित्रे भिंतीवर शेजारी लावावीत.