परत न जाणारे पाणी : वाढता समुद्र आणि मराठी साहित्याची जाणीव

जुलै २०२३ च्या दुसऱ्या आठवड्यात दिल्लीत यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली आणि १९७८ सालचा २०७.४९ मीटरचा उच्चांक मागे पडला. राजघाटाच्या परिसरात पाणी शिरले, लाल किल्ल्यामागचा रस्ता बुडाला. त्या दिवसांत शहरात एक उद्गार पुन्हा पुन्हा कानी येत होता : नदी आपल्या जुन्या पात्रात परत आली. या उद्गारात भीतीपेक्षा दिलासा अधिक होता, कारण जी आली ती जाणारही होती. ती गेली आणि विषयही मागे पडला. समुद्रापासून इतक्या दूरच्या नगरात बसून वाढत्या समुद्राविषयी लिहिताना हा उद्गार प्रथम आठवतो. किनाऱ्यावरचे मराठी मन समुद्राच्या बाबतीत नेमका हाच दिलासा जवळ बाळगून आहे. आणि समुद्राच्या बाबतीत तो खरा नाही.

वस्तुस्थिती थोडक्यात नमूद करणे आवश्यक आहे. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाने ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगाच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. १९०१ ते १९७१ या काळात वाढीचा वेग वर्षाला १.३ मिलिमीटर होता. २००६ ते २०१८ या काळात तो ३.७ मिलिमीटर झाला. तापलेले पाणी प्रसरण पावते आणि हिमनद्या व ध्रुवप्रदेशांतील हिमस्तर वितळतात, ही त्याची मुख्य कारणे. हवेतील उष्णतेची वाढ उद्या थांबली तरी समुद्र पुढील अनेक शतके वाढतच राहील, हेही त्याच अहवालात सांगितले आहे. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राच्या पातळीची नोंद होत आली आहे. तेव्हा माहितीचा अभाव हे आपल्या उदासीनतेचे कारण मानता येत नाही. लोकप्रतिक्रियेची भाषा कोठून येते आणि ती घडवण्यात साहित्याचा वाटा कोणता, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे.

समुद्राविषयीची आपली शब्दसंपत्ती पाहिली तर ती सर्वस्वी चक्राकार आहे, असे दिसते. भरती आणि ओहोटी, उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेला पाणी चढते, अष्टमीच्या आसपास ते मंदावते. नारळी पौर्णिमेला कोळी समाज समुद्राला नारळ अर्पण करतो, त्यामागे पावसाळ्यातला खवळलेला समुद्र आता शांत होईल हा अनुभवसिद्ध विश्वास असतो. ‘मर्यादा’ या शब्दाचा तर समुद्राशी जुना संबंध आहे; सागर मर्यादा सोडत नाही ही आपल्या परंपरेतील गृहीत गोष्ट आहे. परशुरामाच्या कथेत समुद्र मागे सरतो आणि कोकणाची भूमी निर्माण होते. या सर्व शब्दांत आणि कथांत गेलेले पाणी परत येते, आलेले परत जाते, किंवा माणसाच्या आज्ञेने कायमचे हटते. आलेले आणि परत न जाणारे पाणी यासाठी आपल्याकडे शब्दच नाही. उधाण म्हटले की ते उतरणार हे त्या शब्दातच गृहीत धरलेले असते.

आधुनिक मराठी साहित्याने या गृहीताला धक्का लावलेला नाही. सावरकरांच्या १९०९ सालच्या कवितेत समुद्र हा निर्वासित मन आणि मातृभूमी यांच्यामधला साक्षी आणि अपराधी आहे. तो ओलांडायचा आहे. कुसुमाग्रजांच्या ‘विशाखा’ (१९४२) या संग्रहातील कोलंबसाच्या कवितेत तो मानवी जिद्दीचा प्रतिस्पर्धी आहे. त्याला जिंकायचे आहे. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कोंडुरा’ (१९६६) या कादंबरीत त्याची गर्जना माणसाच्या अंतर्मनातील अनाकलनीय शक्तीशी जोडली जाते. तेथे तो भोगायचा आहे. या तिन्ही कलाकृती श्रेष्ठ आहेत आणि तिन्हींत समुद्र विलक्षण सामर्थ्याने प्रकटतो. मात्र तिन्हींत तो आपल्या जागी स्थिर आहे. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) हे आपल्या निसर्गपर गद्याचे शिखर मानले जाते. त्याच्या शीर्षकातच त्या साऱ्या संवेदनस्वभावाचा पाया सांगितलेला आहे : निसर्ग म्हणजे चक्र. महिन्यामागून महिना येतो, झालेली हानी भरून निघते. जागतिक तापमानवाढ ही या चक्राला छेद देणारी, एकाच दिशेने सरकणारी घटना आहे. ती समजून घेण्यास आपली प्रतिमासृष्टी अपुरी पडते, यात आश्चर्य नाही.

यात समीक्षेचाही दोष आहे. कोकणावरील कादंबऱ्यांना आपण ‘प्रादेशिक’ या वर्गात ठेवले आणि त्यांतील माड, पोफळी, खाडी व समुद्र यांची गणना ‘वातावरणनिर्मिती’त केली. प्रस्तुत लेखकाने अनेक वर्षे वर्गात हेच शिकवले. मधु मंगेश कर्णिकांच्या ‘माहीमची खाडी’ (१९६९) या कादंबरीविषयी बोलताना झोपडवस्तीतील दारिद्र्य आणि नीतिअनीतीचे प्रश्न यांवर भर दिला गेला. शीर्षकातच असलेल्या खाडीकडे मात्र आम्ही पाहिले नाही. खाडीकाठी माणसे का राहतात, त्या पाण्याशी त्यांचा रोजचा व्यवहार कोणता, हे प्रश्न साहित्यबाह्य वाटले. आज ती कादंबरी वाचताना तेच प्रश्न मध्यवर्ती वाटू लागतात.

अमिताव घोष यांनी ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ (२०१६) या ग्रंथात गंभीर कथात्म साहित्य हवामानबदलापासून दूर का राहिले याची मीमांसा केली आहे. आधुनिक कादंबरी संभवनीयतेवर उभी असते, त्यामुळे अघटित वाटणाऱ्या निसर्गघटना तिच्या कक्षेबाहेर राहतात, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सूत्र सांगता येईल. मराठीपुरते हे सूत्र अर्धेच लागू पडते. विश्वास पाटील यांच्या ‘झाडाझडती’ने (१९९१) धरणाखाली बुडणारे गाव कादंबरीच्या केंद्रस्थानी आणले, पाण्याने घेरलेले गाव हा विषय आपल्या कादंबरीला परका नाही. फरक असा की धरणाच्या पाण्याला आदेश असतो, नोटीस असते, बुडीत क्षेत्राची आखलेली रेषा असते आणि अन्याय करणारी यंत्रणा डोळ्यांसमोर असते. समुद्र नोटीस देत नाही. म्हणून धरणग्रस्त, प्रकल्पग्रस्त, पूरग्रस्त, भूकंपग्रस्त हे शब्द मराठीत रुळले, पण ‘समुद्रग्रस्त’ हा शब्द रुळला नाही. हा केवळ कोशाचा प्रश्न नव्हे. ‘ग्रस्त’ हे पद लागले की माणूस दावा करू शकतो, मोर्चा काढू शकतो, त्याचे पुनर्वसन हा सार्वजनिक प्रश्न होतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी नदीच्या व समुद्राच्या धुपेमुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाकरिता १,००० कोटी रुपयांची शिफारस केली. दिल्लीच्या हिशेबवहीत या माणसाला जागा मिळाली. आपल्या भाषेत ती अजून मिळायची आहे.

कायद्याची भाषाही याच गृहीतावर उभी होती. १९ फेब्रुवारी १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा नियमनाखाली आणला. भरतीरेषा जागा सोडणार नाही, असे त्या मोजणीत अध्याहृत होते. जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेत धोकारेषेचा उल्लेख आला खरा, पण तो नियोजनाचे साधन म्हणून. आणि दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील बांधकामबंदीचा पट्टा त्याच अधिसूचनेने २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला.

आता लोकप्रतिक्रियेकडे वळू. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस मुंबई महानगरपालिकेच्या तत्कालीन आयुक्तांनी जाहीरपणे सांगितले की २०५० पर्यंत नरिमन पॉइंट आणि मंत्रालयासह दक्षिण मुंबईचा फार मोठा भाग पाण्याखाली जाईल. असे विधान जगातील कोणत्याही शहराला हादरवणारे ठरावे. येथे ते काही दिवसांच्या मथळ्यांचा विषय झाले. त्याच किनाऱ्यावर भराव घालून बांधलेल्या रस्त्याचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झाला. अशा प्रसंगी ‘प्रलय’ आणि ‘जलसमाधी’ हे दोन शब्द हाताशी येतात. पण प्रलय ही युगान्ताची कल्पना आहे. त्यापुढे माणसाने करण्यासारखे काही उरत नाही. हा शब्द भय दाखवतो आणि कर्तव्यातून मुक्तही करतो. जयंत नारळीकरांच्या ‘हिमप्रलय’ या विज्ञानकथेत मुंबईवर बर्फ पडते आणि ज्या शास्त्रज्ञाच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष झाले होते त्याचे शब्द मग खरे वाटू लागतात. लोकमानसाचे हे निदान अचूक आहे. परंतु समुद्रवाढीत असे एका दिवसात दिसणारे बर्फ नाही. तेथे खात्री पटण्याचा क्षण येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

याउलट ज्यांचा समुद्राशी रोजचा व्यवहार आहे त्यांची प्रतिक्रिया पाहावी. वरळीच्या कोळ्यांनी नव्या रस्त्याविषयी आक्षेप घेतला तो पुलाच्या दोन खांबांतील अंतराचा होता. साठ मीटरांतून होड्या सुरक्षित जाऊ शकत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. अखेर ते अंतर १२० मीटर करण्यात आले. रायगड जिल्ह्यातील खारेपाटाची भाषाही अशीच नेमकी आहे. खारबांध, उघाडी, खाजण, बाहेरकाठा हे शब्द म्हणजे समुद्राशी केलेल्या कराराची कलमे आहेत. बांधाची देखभाल शेतकऱ्यांनी मिळून करावी अशी ‘जोळ’ नावाची पद्धत तेथे होती. १९४८ आणि १९७९ च्या खारजमीनविषयक कायद्यांनंतर बांधांची जबाबदारी शासनाकडे सरकत गेली आणि ती सामूहिक सवय क्षीण झाली. खारे पाणी शेतात शिरणे म्हणजे काय, हे या माणसांना कोणी शिकवावे लागत नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन आणि दिवेआगर परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा पुन्हा लावलेली पोफळ फळ धरेपर्यंत किती वर्षे जातील, हा तेथील शेतकऱ्याचा पहिला प्रश्न होता. त्याच्या प्रश्नात प्रलय नव्हता, हिशेब होता.

साहित्याने प्रचार करावा, असे येथे सुचवायचे नाही. भीतीची कविता आणि उपदेशाची कादंबरी यांचे आयुष्य अल्प असते, हे आपण इतर चळवळींच्या काळात पाहिले आहे. अतुल देऊळगावकर यांच्यासारख्या लेखकांनी पर्यावरणाचे वैचारिक गद्य मराठीत सातत्याने लिहिले, ते मोलाचे आहे; पण त्याची जागा कथा-कविता घेऊ शकत नाही, आणि कथा-कवितेचे काम ते गद्यही करू शकत नाही. ललित साहित्याचे काम अनुभवाला रूप देण्याचे आहे. जी विहीर आजोबांच्या काळी गोडी होती आणि आज मचूळ लागते, तिच्याभोवती एक कुटुंब कसे जगते, हे कादंबरीच सांगू शकते. त्यासाठी शहरातल्या मथळ्यांपेक्षा खारेपाटातल्या बोलीकडे जावे लागेल.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. भाषेच्या प्राचीनतेचा तो उचित गौरव आहे. प्राचीन भाषेजवळ जुन्या भयांसाठी पुष्कळ शब्द असतात. नव्या भयासाठी शब्द शोधण्याची जबाबदारी त्यामुळे टळत नाही. समुद्र चढतो आहे हे आपण आकड्यांत मान्य केले आहे. मनात मात्र अजून उधाण हाच शब्द आहे आणि ओहोटीची वाट पाहणे चालू आहे. ही प्रतीक्षा व्यर्थ आहे, हे मराठी वाचकाला प्रथम कळायचे असेल तर ते कोणत्याही अहवालापेक्षा एखाद्या चांगल्या मराठी कादंबरीतून कळण्याची शक्यता अधिक आहे. तशी कादंबरी आली तर तिला पुन्हा ‘प्रादेशिक’ म्हणून बाजूला ठेवू नये, इतके तरी समीक्षेने आजच ठरवावे.