मधपोळ्यातील छिद्रांची साक्ष

धातूचे अतिपातळ पटल अतिसंवाहक न राहता निरोधक झाले, की त्यातील इलेक्ट्रॉनांच्या जोड्या फुटल्या असे मानण्याकडे सहज कल होतो. ब्राउन विद्यापीठातील स्ट्यूअर्ट, यिन, शू व व्हॅलेस ह्यांचा २००७ सालचा निबंध ह्या समजुतीविरुद्ध साक्ष देतो. सुमारे १०० नॅनोमीटर अंतरावर छिद्रे असलेल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या बैठकीवर त्यांनी बिस्मथचे पटल चढविले. चुंबकीय क्षेत्र वाढविताना निरोधक पटलाचाही रोध ठराविक टप्प्यांनी वरखाली होत होता. हा टप्पा दर छिद्रामागे चुंबकीय स्रोताच्या एका पुंजाइतका. आणि ह्या पुंजाच्या छेदात येते ती इलेक्ट्रॉनाच्या विद्युत्‌भाराची दुप्पट! त्या दुपटीतच जोड्या शाबूत असल्याची खूण आहे. येथवर युक्तिवाद पटतो.

परंतु जोड्यांना जखडले कोणी? छिद्रांनी, असे म्हणणे घाईचे होते. बैठकीच्या उंचसखलपणामुळे पटलाची जाडी जागोजाग किंचित बदलते, जाड भागांची बेटे बनतात व जोड्या तेथे अडकतात, असे ह्याच गटाने २०११ साली दाखविले. म्हणजे छिद्रे ही मोजपट्टीच ठरली. आमच्या मते हा दुसरा निबंधच अधिक मोलाचा. पहिल्यातील मोजमापाचा अर्थ तेथे लागतो.